सोडला का रे तुला?

स्कूटरला कोणी प्रदक्षिणा घालतं का? आमचे चुरीसाहेब घालत, आणि तीही रोज. संध्याकाळी कंपनी सुटली की गेटजवळच्या शेडमध्ये जाऊन आपल्या जुनाट स्कूटरभोवती ते एक फेरी मारत. पुढचं चाक अंगठ्याने दाबून बघत, आरशावरून बोट फिरवत, मागच्या दिव्यावर टिचकी मारत आणि शेवटी खाली वाकून इंजिनाखाली तेल ठिबकलंय का ते बघत. वाकताना त्यांची पाठ दुखायची, ते चेहऱ्यावर दिसायचं, तरी वाकत. या सगळ्याला चार मिनिटं लागत. तोवर बाकीची कंपनी बोईसर स्टेशनच्या रस्त्याला लागलेली असे.

मी उमरोळीचा आणि ते शिरगावचे, त्यामुळे माझं घर त्यांच्या वाटेवर पडे. पहिल्यांदा मागे बसलो तेव्हा त्यांनी किक मारण्याआधी मान न वळवता विचारलं, "स्टँड?"

मला कळेना. मी म्हटलं, "काय झालं स्टँडला?"

"स्टँड वर घेतलाय का ते बघून सांगायचं. मी बघितलाय, पण मी एकट्याने बघितलेलं धरायचं नाही. दोघांनी बघायचं."

मी वाकून बघितलं आणि "वर" म्हणालो. मग "पाय?" "आत." "पिशवी?" "मांडीवर." एवढं झाल्यावर स्कूटर सुरू झाली आणि ताशी तीसच्या वेगाने आम्ही उमरोळीकडे निघालो. माझी बायको म्हणाली, "एवढं विचारून सायकलच्या वेगाने आणतात होय?" पण मला त्याची सवय लागली. पुढे पुढे दुसऱ्या कोणाच्या मागे बसताना कोणी काही विचारलं नाही की चुकल्यासारखं वाटे.

चुरीसाहेब म्हणजे विंग कमांडर हरेश्वर चुरी, निवृत्त. हवाई दलात त्यांनी आयुष्यभर हेलिकॉप्टर चालवलं होतं. आमच्या तारापूर एमआयडीसीतल्या औषधाच्या कारखान्यात ते 'प्रशासन व सुरक्षा प्रमुख' म्हणून आले. पद भारदस्त, काम असं की गेटपासवर सह्या करायच्या, कँटीनच्या उपम्यात मीठ कमी असल्याच्या तक्रारी ऐकायच्या, गळके नळ बदलून घ्यायचे आणि कंपाउंडच्या कडेचं गवत कापून घ्यायचं. कामगार त्यांना 'पायलट साब' म्हणत. शेठना मात्र त्यांचा भलताच अभिमान होता. केबिनमध्ये पाहुणा आला की चहाबरोबर चुरीसाहेबही मागवले जात. "ये हमारे विंग कमांडर साहब," शेठ सांगत, जसं काही नवीन आणलेलं यंत्र दाखवतायत. पाहुणा हमखास विचारी, सरहद्दीवर काय काय केलंत?

"तांदूळ पोचवले," चुरीसाहेब सांगत. "घासलेट पोचवलं. एकदा जिवंत बकऱ्या पोचवल्या. येताना आजारी माणसं आणली."

पाहुण्याचा चेहरा उतरे. त्याला काहीतरी धडाडधुडूम हवं असे. चुरीसाहेब चहा संपवून उठत आणि परत गवताकडे जात.

आकाशात हेलिकॉप्टरचा आवाज झाला की सगळे वर बघत आणि मग चोरून चुरीसाहेबांकडे बघत. ते वर बघत नसत. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आणि "सात मिनिटं उशीर" किंवा "आज वेळेवर" असं म्हणून कामाला लागत. समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर माणसं ने-आण करणारी ती खासगी कंपनीची हेलिकॉप्टरं. एके काळी त्याच कंपनीने त्यांना बोलावलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची एक सवय मात्र मला सुरुवातीला संतापजनक वाटे. ते पत्र लिहीत नसत. कँटीनची साधी सूचना असली तरी ती माझ्याकडून लिहून घेत. काम तोंडी सांगत, फोनवर सांगत, वेळ पडली तर कारखान्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन सांगत, पण कागदावर फक्त सही. मला वाटलं, फौजी माणूस, लिहिण्याची बोंब असेल. त्यात मी पर्सोनेल ऑफिसर, म्हणजे कागदावर पोट भरणारा, तेव्हा थोडा तोराही होता. माझं इंग्रजी बेताचं आहे हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्याहून बरं असेल असं मी धरून चाललो होतो.

माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. माझ्या टेबलाला डाव्या हाताला एक खण आहे. ज्यांनी राजीनामा दिलाय पण ज्यांना शेठना सोडायचं नाही, त्यांचे अर्ज त्या खणात जातात. माणूस नोकरी सोडून जाऊ शकतो, कोणी त्याचे पाय बांधत नाही. पण रिलीव्हिंग लेटर दिलं नाही की पुढची कंपनी त्याला घेत नाही. मग तो दहा-पंधरा दिवस माझ्या दारात उभा राहतो, नवीन नोकरीची तारीख उलटते आणि तो मुकाट्याने परत मशीनवर जातो. शेठ याला 'माणसं टिकवणं' म्हणतात. पगार वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

दोन वर्षांपूर्वी काशिनाथ धोडीचा अर्ज आला. काशिनाथ आमचा बॉयलर अटेंडंट, वाणगावच्या पलीकडच्या पाड्यावरचा. सरकारी परीक्षा देऊन पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र मिळवलेला. असा माणूस असल्याशिवाय बॉयलर चालवायला कायद्याने परवानगी नाही आणि असे लोक पटकन मिळतही नाहीत. त्याला वापीच्या एका मोठ्या कारखान्याने बोलावलं होतं. दीडपट पगार आणि राहायला खोली. हजर व्हायला पंधरा दिवसांची मुदत.

"आमाला भांडाण नाय करायचा साहेब," तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला. "बारा वरसं बॉयलर सांबाळलाय. एक दिवस बंद नाय पडू दिला. आता सोडा."

शेठनी अर्ज वाचलाही नाही. "बॉयलरवाला जाएगा तो कारखाना कौन चलाएगा, तुम?" असं मला विचारलं आणि वर सांगितलं, की या वेळी नुसतं खणात टाकू नकोस. नीट पत्र दे. मान देऊन नाही म्हण, म्हणजे तो कुठे तक्रार करणार नाही.

मान देऊन नाही कसं म्हणायचं ते मला सुचेना. संध्याकाळी स्कूटरवरून जाताना मी चुरीसाहेबांना विचारलं, फौजेत असं पत्र कसं लिहितात? त्यांची नजर रस्त्यावरच राहिली. मला वाटलं वाऱ्यात ऐकू आलं नसेल. उमरोळीच्या फाट्यावर त्यांनी स्कूटर चहाच्या टपरीपाशी थांबवली. चार वर्षांच्या सोबतीत आम्ही तिथे कधी थांबलो नव्हतो.

"मी एक वाक्य लिहिलं होतं," ते म्हणाले. "फार चांगलं जमलं होतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. अडतिसाव्या वर्षी त्यांना उड्डाणावरून काढून दिल्लीला एका कार्यालयात टेबलावर बसवलं. तिथे नोकरी सोडू पाहणाऱ्या वैमानिकांचे अर्ज येत. बाहेर विमान कंपन्या कित्येक पट पगार देत होत्या, त्यामुळे अर्जांचा पाऊस होता आणि दलात वैमानिक कमी पडत होते. साहेबांनी चुरींना सांगितलं, नकाराचा एक चांगला मसुदा कर. चुरींचं इंग्रजी शाळेपासून उत्तम. त्यांनी दोन दिवस घासूनपुसून एक वाक्य तयार केलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: आपल्या अडचणींची आम्हाला पूर्ण जाणीव आहे; परंतु आपल्यासारख्या अनुभवी वैमानिकाची सेवा या घडीला राष्ट्रासाठी अपरिहार्य आहे.

"साहेबांनी खांद्यावर थाप मारली," चुरीसाहेब म्हणाले. "म्हणाले, ज्याला नाही म्हणायचं त्याची छाती फुगली पाहिजे, असं लिहिलंयस. मीही खूश होतो. दोन वर्षं प्रत्येक पत्रात तेच वाक्य गेलं. किती जणांना गेलं ते मी मोजलं नाही."

मग ते परत उड्डाणावर गेले. पुढच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. तीनदा नाही आलं की ते पुढे कधी येत नाही. ज्या मुलाला त्यांनी डोंगरमाथ्यावरच्या हातभर जागेत हेलिकॉप्टर टेकवायला शिकवलं होतं, तो त्यांचा साहेब होऊन आला. तेव्हा समुद्रावरच्या त्या खासगी कंपनीने त्यांना विचारलं. पगार जवळजवळ चौपट, आणि मुंबईत नोकरी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी शिरगावला आईजवळ. ते त्रेचाळीस वर्षांचे होते आणि कंपनीला पंचेचाळिशीच्या आतला माणूस हवा होता. त्यांनी अर्ज केला.

अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. त्यांच्याच तुकडीतल्या एकाने तिथे बायकोचं दुखणं लिहिलं होतं आणि तो सुटला होता. आज तो मोठ्या विमानाचा कॅप्टन आहे आणि ती बायको रोज पहाटे पाच किलोमीटर धावते. चुरीसाहेबांच्या बायकोने सांगितलं, तुम्ही आईंचं आजारपण लिहा. ते ऐकेनात म्हणून तिने शिरगावला सासूबाईंना फोन लावून दिला. त्यांना सगळे बाय म्हणत. बाय तेव्हा सत्तर वर्षांच्या, वाडीतल्या पानवेलींना स्वतः पाणी घालणाऱ्या.

"लिही ना, मी मराया टेकलंय म्हणून," बाय फोनवर म्हणाल्या. "कागदावर लिवलास म्हणून मी काय लगेच मरत नाय."

चुरीसाहेबांनी लिहिलं नाही. 'सहीच्या वर खोटं नाही' हे त्यांचं आयुष्यभराचं पालुपद. त्यांनी कारणाच्या रकान्यात खरं ते लिहिलं. बढती मिळणार नाही, बाहेर चांगली नोकरी आहे, वय निघून चाललंय.

"दोन महिन्यांनी उत्तर आलं," ते म्हणाले आणि कपातला चहा तसाच ठेवून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "लिफाफा उघडला. पहिली ओळ वाचली. आपल्या अडचणींची आम्हाला पूर्ण जाणीव आहे."

मी माझा कप खाली ठेवला.

"अर्धविरामसुद्धा मी घातला होता तिथेच होता," ते म्हणाले. आणि मग, "त्याच्या पुढच्याच महिन्यात मला परत टेबलावर बसवलं. उडवायला माणसं नाहीत म्हणून सोडत नाहीत, आणि सोडत नाहीत त्याला उडू देत नाहीत. मी कोणाशी भांडलो नाही. भांडायचं कशावर? पत्र माझंच होतं."

तीन वर्षांनी बायला खरोखरच अर्धांगवायूचा झटका आला. त्यांनी परत अर्ज केला, या वेळी कारणाच्या रकान्यात आईचं आजारपण. त्यावर शेरा आला की अर्जदाराने याआधी आर्थिक कारण दिलं होतं, तेव्हा हे नवं कारण तपासून पाहावं. तपासलं की नाही कोण जाणे. उत्तर तेच आलं, त्याच वाक्याचं. बाय अंथरुणावरून फोन धरायला सांगत आणि जड झालेल्या जिभेने एवढंच विचारत, "सोडला का रे तुला?" पाच वर्षं हा एकच प्रश्न. ते "बघतायत" म्हणत. हा माणूस, जो कँटीनवाल्याला सुद्धा ठणकावायचा की बघतो म्हणू नकोस, हो म्हण नाहीतर नाही म्हण, तो आईला पाच वर्षं "बघतायत" म्हणत राहिला.

बाय गेल्या तेव्हा ते दिल्लीत फायलींवर सह्या करत होते. त्यानंतर आठ महिन्यांनी वय भरलं आणि ते रीतसर निवृत्त झाले. तोवर हेलिकॉप्टरच्या हादऱ्यांनी कमरेचे मणके गेले होते आणि रक्तात साखर आली होती. खासगी कंपनीने ओळखीखातर वयाकडे काणाडोळा केला, पण तिच्या डॉक्टरने मणक्यांचा एक्स-रे बघून नकारार्थी मान हलवली. मग आमच्या शेठनी त्यांना गवत कापून घ्यायला ठेवलं.

"म्हणून सांगतो," चहाचे पैसे देताना ते म्हणाले, "काशिनाथला असलं पत्र लिहू नका. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा. आणि शक्य असेल तर सोडा त्याला."

मी हो म्हणालो, अगदी स्पष्टपणे.

आता जे सांगायचं ते सांगताना मला माझीच शिसारी येते. घरी गेलो, जेवलो, आणि डोक्यात ते वाक्य घोळायला लागलं. काय वाक्य होतं! नाही म्हटलेलं कळायच्या आत माणूस फुशारून जावा असं. सकाळी कंपनीत जाऊन मी काशिनाथचं पत्र टाइप केलं. वैमानिकाच्या जागी बॉयलर अटेंडंट घातला आणि राष्ट्राच्या जागी कंपनी. अपरिहार्य तसंच ठेवलं. शेठ खूश झाले, म्हणाले, "ये हुई ना बात." माझ्या नोकरीच्या पंचवीस वर्षांत माझ्या इंग्रजीची तारीफ त्या एकदाच झाली. पोरांची शिक्षणं, घराचा हप्ता, ही कारणं माझ्याकडे तेव्हाही होती आणि आजही आहेत. ती सगळी खरी आहेत, आणि तरीही मी ते केलं ते कारणांसाठी नाही. वाक्य हाती आलं होतं म्हणून केलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. काशिनाथला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो पत्र घेऊन वाचून घ्यायला पायलट साबकडेच जाणार, हे कारखान्यातल्या कोणीही सांगितलं असतं.

तो त्यांच्या टेबलापाशी उभा होता आणि मी माझ्या केबिनच्या काचेतून बघत होतो; दार उघडं होतं, बोलणं ऐकू येत होतं. चुरीसाहेबांनी चष्मा लावला आणि पत्र हातात घेतलं. पहिल्या ओळीवर त्यांचे डोळे थांबले आणि बराच वेळ तिथेच राहिले. काशिनाथ विचारत होता, "काय लिवलाय साहेब? सोडला काय मला?"

चुरीसाहेबांनी पत्राची घडी घालून ती त्याच्या हातात दिली. "नाही सोडलं," ते म्हणाले. "बस इथे दहा मिनिटं."

मग त्यांनी आपल्या टेबलाच्या खणातून कंपनीचं लेटरहेड काढलं आणि लिहायला बसले. चार वर्षांत मी त्यांना सहीपलीकडे काही लिहिताना पाहिलं नव्हतं. अक्षर लहान, सरळ आणि सुंदर होतं. काशिनाथ धोडी यांनी बारा वर्षं इथे काम केलं, त्यांच्या कामात खोट नाही, त्यांना आज कार्यमुक्त करण्यात येत आहे. तीन ओळी. खाली सही, पद आणि कंपनीचा शिक्का. शिक्का मारण्याआधी त्यांनी तो उलटा करून तारीख नीट लागली आहे का ते बघितलं. मग काशिनाथला म्हणाले, "तूही बघ. नाव बरोबर आहे?"

"बरोबर हाय," काशिनाथ म्हणाला.

"मग जा. उद्याची वाट बघू नकोस."

जाताना ते पत्र काशिनाथने शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवलं. दुपारच्या गाडीने तो वापीला गेला. आजही तिथेच आहे.

चुरीसाहेब सरळ माझ्या केबिनमध्ये आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नीट उतरवून घेतलंत," ते म्हणाले. "एका ऐकण्यात. अर्धविरामासकट." एवढंच म्हणून ते कँटीनकडे गेले.

बॉयलर बंद पडला तेव्हा शेठना सगळं कळलं. "मेरे लेटरहेड पे, मेरा ठप्पा लगाके!" म्हणून त्यांनी आकाशपाताळ एक केलं. विंग कमांडरचा अभिमान पाच मिनिटांत आटला. मला बोलावून त्यांनी सांगितलं, पत्र बनव, अभी के अभी. कारण लिहायचं नाही, नोटीस नाही, काही नाही. मी टाइप केलं: आपणास तत्काळ कार्यमुक्त करण्यात येत आहे. हे वाक्य लिहायला मला कोणाच्या मदतीची गरज पडली नाही.

पत्र घेऊन मीच गेलो. ते शेडमध्ये होते. त्यांनी तिथेच उभ्याने वाचलं, एकदा, आणि हसले. त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते हसू बघवत नव्हतं.

"नऊ वर्षं मागत होतो," ते म्हणाले. "इथे नऊ मिनिटं लागली नाहीत."

मी म्हणालो, "साहेब, माझं चुकलं." ते म्हणाले, "हो, चुकलं." त्यावर पुढे काही नाही. मला वाटतं त्यांनी निदान एकदा तरी 'असू द्या' म्हणावं अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

घडी घालून त्यांनी पत्र खिशात ठेवलं. मग खिशावर हात तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय असती तर आत्ता फोन केला असता. सांगितलं असतं, सोडला बाय, आज सोडला मला."

त्यांनी स्कूटरभोवती फेरी मारली. चाक दाबलं, आरशावरून बोट फिरवलं, दिव्यावर टिचकी मारली, पाठ धरून खाली वाकले. घाई केली नाही. मग सीटवर बसले, समोर बघितलं आणि सवयीने विचारलं, "स्टँड?"

मागे कोणी बसलेलं नव्हतं. मी चार हात अंतरावर उभा होतो. वाकून बघितलं आणि म्हणालो, "वर."

"पाय" त्यांनी विचारलं नाही. किक मारली आणि गेटमधून डावीकडे वळून, ताशी तीसच्या वेगाने, शिरगावच्या दिशेने निघून गेले. त्या संध्याकाळी मी रिक्षाने उमरोळीला गेलो.